दोनशे चाळीस भरले की कायम

कोंडीबा कोळेकरने एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला आणि एकतीस वर्षं तो नवा कामगारच राहिला.

हे ऐकून कुणालाही खोटं वाटेल. पण कामगाराचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की तो कायम होतो, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला माहीत असतं. सगळे मालक सारखे नसतात, पण कोंडीबाचा मालक ते दिवस भरूच द्यायचा नाही. दोनशे तीस-पस्तीस झाले की मुकादम जोतिराम मागाजवळ यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "कोंडीबा, थोडे दिवस आराम कर. मग ये." कोंडीबा परत गेला की त्याचं नाव नव्यानं लागायचं. मोजणी पुन्हा एकपासून. याला कारखान्यात ब्रेक म्हणायचे. एका वर्षी तर दोनशे अडतिसाव्या दिवशी ब्रेक मिळाला होता. सोनाबाई, म्हणजे कोंडीबाची बायको, पहिली काही वर्षं विचारायची, "औंदा तरी झालं का कायम?" पुढं तिनं विचारणं सोडून दिलं.

काम सुटलं आणि दोन वर्षांनी, आषाढात, सोनाबाई गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

कोंडीबा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या उंबऱ्यात बसू लागला. सकाळी बसायचा तो दुपारी जेवणापुरता उठायचा. जेवण म्हणजे चहा आणि पाव, कारण एकट्यासाठी भाकरी थापायची त्याला लाज वाटायची. शेजारची मल्लव्वा अधूनमधून कालवण आणून द्यायची आणि बोलणीही ऐकवायची.

"अण्णा, उंबऱ्याला खड्डा पडला की तुमच्या बसण्यानं."

"पडू दे."

"त्यात पाणी साचंल, मग डास हुतील. गल्लीला ताप."

त्याची साखर आधीपासून होतीच, ती आता वाढली. एकदा पायात खिळा घुसला आणि त्याला कळलंच नाही. रक्ताचे ठसे मल्लव्वाला दिसले, तेव्हा तिनं त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचून पाहिली आणि विचारलं, "कळतंय का?"

"काय?"

"मी टोचतोय ते."

कोंडीबानं वाकून तळव्याकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "काका, गोळ्या मी देतो, पण चालायचं काम तुमचं. रोज पाऊण तास. नाहीतर एक दिवस हा पाय कापावा लागेल. घाबरवायला सांगत नाही."

कोंडीबा घाबरला. दुसऱ्या दिवसापासून चालायला लागला. चार दिवस चालला, पाचव्या दिवशी झोप लागली म्हणून राहिला, आणि सहाव्या दिवशी वाटलं, काल गेलो नाही तर काय बिघडलं? दसऱ्याला पुन्हा सुरू केलं, सहा दिवस चाललं. दिवाळीनंतर नऊ दिवस. प्रत्येक वेळी असंच व्हायचं. पायाची भीती दवाखान्यात मोठी असायची, पहाटे अंथरुणात ती लहान व्हायची. न जाण्याचं कारणही काही मोठं नसायचं. गेलं काय, न गेलं काय, विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच.

कार्तिकात एका सकाळी तो होम मैदानाच्या कडेला दगडी कट्ट्यावर बसला होता. चालायला म्हणून आला होता, पण अर्ध्या चकरेतच बसला होता. समोरून पाच-सहा म्हातारे चालत आले. सगळ्यांत पुढं डोक्याला मफलर गुंडाळलेला उंच माणूस होता. तो थांबला.

"कोंडीबा न्हवं का तू?"

कोंडीबानं मान वर केली. जोतिराम मुकादम होता. अंगानं निम्मा झाला होता. शर्टाच्या उघड्या गुंडीतून छातीवरची शस्त्रक्रियेची खूण दिसत होती.

"व्हय मुकादम. मीच."

"बसलास का? चाल की."

"चालतो थोडं, बसतो थोडं. आता कुणाची पाळी भरायचीय?"

जोतिरामच्या मागं अनिलकुमार उभा होता. पूर्वी चादरीच्या मागावर काम केलेला तेलुगू माणूस, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "मुकादम, असलं माणूस चार दिवस येतंय आणि पाचव्या दिवशी गायब हुतंय. लई बघितले."

हे अगदी खरं होतं, म्हणून कोंडीबाला जास्त झोंबलं. तो अनिलकुमारशी नाही, जोतिरामशी बोलला. "माझे दिवस कवा भरले, मुकादम? तुमी भरू दिले का?"

जोतिराम कट्ट्यावर त्याच्या शेजारी टेकला.

"मालक सांगायचा, मी बोलायचो."

"व्हय. पण त्वांड तुमचंच हुतं की."

जोतिरामनं मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "हितं मालक न्हाय. मी रोज पाच वाजता हजेरी घेतो. भर दोनशे चाळीस. मी नाव पुकारीन, तू हाय म्हणायचं. खाडा पडला तर पुन्हा एकपासून. भरलेस तर सगळ्यांसमोर कायम म्हणून सांगीन."

"आठवड्याची सुट्टी?"

"न्हाय."

"सणवार?"

"न्हाय."

"मालकापेक्षा तुमीच वाईट की," कोंडीबा म्हणाला. पण उठला आणि त्यांच्याबरोबर चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मैदान अजून अंधारात होतं. जोतिराम कट्ट्याजवळ उभा राहिला आणि कारखान्याच्या फाटकात ओरडायचा तसाच ओरडला, "कोंडीबा येडू कोळेकर!"

"हाय!"

त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. आवाज मोठा निघाला होता. सोनाबाई गेल्यापासून सकाळच्या वेळी त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

त्याला व्यायामाची गोडी लागली असं सांगितलं तर ते खोटं होईल. शेवटपर्यंत लागली नाही. पावणेपाचला गजर झाला की रोज तेच वाटायचं, आज नको. मग त्याला वाटायचं, आता तिकडं मुकादम नाव पुकारणार, आणि कुणीच हाय म्हणणार नाही. ती शांतता त्याला सहन व्हायची नाही. तो पाय खाली टाकायचा. पाय जमिनीला लागले की पुढचं आपोआप व्हायचं.

तिसाव्या दिवशी तो न बसता दोन चकरा मारू लागला. साठाव्या दिवशी पाच. पावाची शिळी लादी मल्लव्वाच्या शेळीला गेली आणि तो भाकरी थापायला शिकला. पहिल्या भाकरीला चारी बाजूंनी कोपरे होते. मल्लव्वा ती हातात घेऊन म्हणाली, "अण्णा, ही भाकरी हाय का कर्नाटकाचा नकाशा?"

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली आणि होम मैदानावर पाळणे उभे राहिले. मंडळी तळ्याच्या कडेला सरकली. हजेरी तिथं सुरू झाली. फेब्रुवारीत होटगीला मुलीच्या, पिंकीच्या घरी नातवाचं जावळ होतं. राहणं भाग होतं. कोंडीबा पहाटे उठून स्टेशनवर गेला आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागला. पाच वाजता फोन लावला.

"मुकादम, नाव पुकारा."

"कुटं हाईस तू?"

"होटगीच्या फलाटावर. चालतोय."

"कशावरून? अंथरुणातनं बोलत असशील."

तेवढ्यात मालगाडी आली. कोंडीबानं फोन तिच्याकडं धरला. सत्तावन्न डबे जाईपर्यंत धरून ठेवला. मग फोन कानाला लावला तर पलीकडं अनिलकुमार हसत होता, आणि जोतिराम ओरडत होता, "बास बास! कान गेलं! लागली हजेरी!"

उन्हाळा आला. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पहाटे पाचलासुद्धा जमीन गार होत नाही. दोघं जण यायचे बंद झाले. खुद्द जोतिरामला एकदा चक्कर आली आणि त्याचे तीन खाडे झाले, ते तीन दिवस अनिलकुमारनं हजेरी घेतली. कोंडीबाचा खाडा झाला नाही. दीडशे झाले, एकशे ऐंशी झाले, दोनशे झाले. सोनाबाईचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशीही तो आधी मैदानावर जाऊन आला आणि मग आंघोळ करून पाटावर बसला. भटजी वेळेवर आले होते. त्यांना थांबावं लागलं नाही.

दोनशे तिसाव्या दिवसानंतर मात्र त्याची झोप उडाली. कारण कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. आता काहीतरी होणार, असं त्याला वाटत होतं. एकतीस वर्षं याच दिवसांत काहीतरी होत आलं होतं. कोण जाणे कोण येईल आणि खांद्यावर हात ठेवील.

आणि झालंच. जावयानं मोठ्या कौतुकानं नवे बूट पाठवले होते. ते घालून कोंडीबा दोन दिवस चालला. दोनशे पस्तिसाव्या दिवशी घरी येऊन मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड आणि मोज्याला रक्त.

डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली. "पाच दिवस चालायचं नाही. अजिबात. या पायावर भार द्यायचा नाही."

"पाच म्हंजे, चार चालतील का?"

"काका, पाच म्हणजे पाच."

कोंडीबानं बोटं मोजली. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बरोबर पाच. जणू कुणी मोजूनच दिले होते.

बातमी संध्याकाळपर्यंत जोतिरामला कळली. तो गल्ली विचारत विचारत आला. कोंडीबा उंबऱ्यात पाय लांब करून बसला होता. जोतिराम त्याच्याजवळ वाकला, पट्टी पाहिली, हळहळला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाला, "कोंडीबा, थोडे दिवस आराम कर. मग ये."

कोंडीबानं तो हात झटकला.

"पुन्ना म्हणू नका! मुकादम, पुन्ना म्हणू नका ते!"

मल्लव्वा ओट्यावर धावत आली. कोंडीबाचा आवाज साऱ्या गल्लीत गेला होता.

"एकतीस वर्सं हेच ऐकलं. हाच हात, हाच खांदा. अडतिसाव्याला धाडलं मला घरी, दोन दिस ऱ्हायले हुते. मी घरी येऊन बायकूला काय सांगितलं ठावं हाय? म्हनलं, सूत संपलंय म्हणून सुट्टी हाय. तिला समदं कळत हुतं. आन तुमी आज बी तेच बोलताय!"

जोतिरामचा चेहरा पडला. "मी पायासाठी बोललो रं. मला त्ये ध्यानातच न्हाय आलं."

"तुमच्या न्हाय येणार. माझ्या ध्यानात हाय."

जोतिराम सरळ झाला आणि निघून गेला.

मल्लव्वा म्हणाली, "चांगलं बोलायला आला हुता म्हातारा."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"मग काय. डोचकं फिरलं."

त्या रात्री कोंडीबानं ठरवलं की पाय गेला तरी जायचं. मग त्याला वाटलं, पाय घालवून कायम होण्यात काय अर्थ? पायासाठी तर सगळं केलं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि मधून वाट दिसत नव्हती. पहाटे पावणेपाचला गजर वाजला. तो सवयीनं उठला, एका पायावर उड्या मारत दारापर्यंत आला, आणि दार उघडून बसला. पुढं जायचं कसं, हे ठाऊक नव्हतं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना गल्लीत स्कूटर आली. वर जोतिराम होता, मफलर गुंडाळलेला.

"चल," तो म्हणाला. "पाळीची येळ झाली."

"चालायचं न्हाय म्हणून सांगितलंय डॉक्टरनं."

"कोण म्हणतंय चाल म्हणून? कारखान्यात लाईट जायची, आठवतंय का? माग बंद पडायचा. तवा तू काय करायचास?"

"मागापाशी बसायचो."

"मी खाडा मांडायचो का?"

"न्हाय. हजेरी लागायची."

"मग बस की मागं. पाय बंद हाय, हात तर चालू हाईत."

एकतीस वर्षांत मुकादम कामगाराला न्यायला घरी आला, असं कधी घडलं नव्हतं. कोंडीबा स्कूटरवर बसला. पट्टीचा पाय त्यानं जमिनीला लागू दिला नाही.

अनिलकुमारनं मैदानावर हरकत घेतलीच. "चालायची मंडळी हाय ही. बसायची असंल तर माझी आजी बी कायम हुईल."

"तुझी आजी पाऊण तास हात वर करून दाखवंल का?" कोंडीबा म्हणाला.

तो कट्ट्यावर बसला. पाय पिशवीवर ठेवला. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेतल्या आणि सुरू केलं. हात वर, बाजूला, पुढं, मागं. मागावर तुटलेलं सूत पकडायला जसा खांदा फिरवावा लागायचा, तसा खांदा फिरवला. पाच मिनिटांत दंड भरून आले. दहा मिनिटांत घाम डोळ्यांत गेला. चालणारी मंडळी चक्कर पुरी करून समोरून जायची, तेव्हा प्रत्येक वेळी अनिलकुमार डोकावून बघायचा की हात खाली आलेत का. आले नव्हते. चौथ्या चकरेला त्यानं बघणं सोडलं. पाचव्या चकरेला तोच येऊन शेजारी बसला, एक बाटली मागून घेतली आणि दोन मिनिटांत म्हणाला, "अय्यो, हे तर चालण्यापेक्षा अवघड हाय."

घरी परत सोडताना जोतिराम म्हणाला, "काल मी चुकलो."

"चुकला न्हाय तुमी. काल न्हाय चुकला."

जोतिरामला ते समजलं. त्यानं मान हलवली आणि स्कूटर वळवली.

सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. रोज पहाटे स्कूटर आली. अडतिसाव्या दिवशी कोंडीबा मुद्दाम पाच मिनिटं जास्त बसला. दंड असे दुखत होते की दुपारी भाकरी थापता येईना, मल्लव्वानं थापून दिली. संध्याकाळी डॉक्टरांनी पट्टी बदलायला सोडली, बराच वेळ जखम बघत राहिले. जखम कोरडी पडून कडेनं भरत आली होती.

"काका, आठ महिन्यांपूर्वी हा फोड आला असता, तर मी तुम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. तिथं काय झालं असतं ते मी सांगत नाही. तुमचं शरीर आता भरून काढतंय. कळतंय का टोचलेलं?"

"कळतंय की. जरा हळू टोचा."

दोनशे चाळिसाव्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, वारा सुटला होता. यायचे बंद झालेले दोघंही आले होते. अनिलकुमारनं खिशातून पेढ्यांची पुडी काढली, आणि "ह्याला देऊ नका, ह्याला साखर हाय," म्हणून सगळ्यांना वाटून टाकले. जोतिराम कट्ट्यासमोर उभा राहिला. मफलर काढला. ओरडला.

"कोंडीबा येडू कोळेकर!"

"हाय!"

पाऊण तास झाला. कुणी थांबा म्हणेना, म्हणून कोंडीबा हात हलवतच राहिला. जोतिराम पुढं आला, त्याच्या हातातल्या बाटल्या काढून खाली ठेवल्या आणि सगळ्यांकडं वळून म्हणाला, "ऐका. दोनशे चाळीस दिवस भरले. एक खाडा न्हाय. आजपासून कोंडीबा कोळेकर कायम."

म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. बाजूनं पळणारी कॉलेजची पोरं काही न कळता थांबली आणि टाळ्या वाजवायला लागली. कोंडीबाला उठायचं होतं, पण दोघांनी त्याला दाबून बसवलं. मग त्यानं बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले आणि आरोळी ठोकली. बिरुबाच्या जत्रेत ढोल भरात आला की त्याच्या गावाकडं जशी ठोकतात तशी. तळ्याकडची बगळ्यांची रांग उठली.

अनिलकुमार म्हणाला, "कायम झालास, आता हक्काची रजा लागू. उद्या झोप निवांत."

"रजा लागू झाली ना?"

"झाली की."

"मग साठवून ठेवतो. लागंल तवा घीन."

स्कूटरवरून उतरला तेव्हा मल्लव्वा दारात सडा टाकत होती. कोंडीबाला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

"मल्लव्वा, कायम झालो!"

तिच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. "कुटं?"

"हितंच. सोलापुरात."

"यप्पा! ह्या वयात? कुठल्या कारखान्यात?"

कोंडीबा हसायला लागला. वर्षभरात तो असा हसला नव्हता, त्यामुळं त्याला थांबताही येईना. मल्लव्वानं त्याचा अर्थ तिच्या परीनं लावला आणि गल्लीच्या टोकापर्यंत आवाज दिला, "अण्णांना नोकरी लागली! कायम!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली. कुणी हात हातात घेतला, कुणी पाया पडलं. कोंडीबानं कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही. कोपऱ्यावरच्या घरातला बिभीषण, नोकरी सुटल्यापासून सहा महिने खाटेवर पडून असलेला, लुंगी सावरत आला. त्याचं पोट पुढं आणि तो मागं.

"कोंडीबादा, माझं बी बघा की तितं काही जमतंय का."

कोंडीबानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुकादमासारखं.

"जमंल. पण आल्या आल्या कायम न्हाय हुणार."

"चालंल. पाळी कितीची?"

"पाचची. पहाटंची. उद्या मी हाक मारीन, तवा उठून बसलेला पायजे."

"कितीक दिवस भरावं लागतील?"

"दोनशे चाळीस," कोंडीबा म्हणाला. "आन मधी कुणी आराम कर म्हनलं, तर मला येऊन सांग."